संगीतसूर्य केशवराव भोसले : 'संयुक्त मानापमान'मध्ये खरंच कोण वरचढ ठरलं?

रंकाळ्याकाठी

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय, चुकलं माकलं सांभाळून घ्या.

मी मूळचा कोल्हापूरचा, आता नोकरीमुळे पुण्यात. आमच्या शाळेचं गॅदरिंग दरवर्षी केशवराव भोसले नाट्यगृहात व्हायचं. सहावीत असताना मी तिथं झाड झालो होतो. खोटं वाटेल पण खरंच झाड, दोन्ही हात वर करून वीस मिनिटं उभा. बाजूला खासबाग मैदान, बाहेर भेळ, आत ती जुनी दगडी इमारत. इतक्या वेळा गेलो पण केशवराव भोसले हे कोण असं एकदाही डोक्यात आलं नाही. कुणीतरी नेते असतील असं वाटायचं, शपथ.

मग ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री थेटर जळालं. ते व्हिडिओ बघून झोप लागली नाही. आणि दुसऱ्या दिवशी बातमीत वाचलं की ९ ऑगस्टला त्यांचीच जयंती होती, १३४ वी. म्हणजे ज्याच्या नावाचं थेटर त्याच्या वाढदिवसाच्या आदल्या रात्री खाक. तेव्हा पहिल्यांदा लाज वाटली की आपल्याला या माणसाबद्दल काडीची माहिती नाही.

आता मूळ मुद्दा. मध्यंतरी मानापमानवर सिनेमा आला तेव्हा आमच्या फॅमिली ग्रुपवर धाकट्या काकांनी लिहिलं की "१९२१ साली केशवराव आणि बालगंधर्व एकाच स्टेजवर आले आणि केशवरावांनी बालगंधर्वांना गार केलं." त्यावर पुण्याच्या आत्यानं जे काही लिहिलं त्यानंतर दोन दिवस ग्रुप शांत होता :)

तर जाणकारांनी सांगा :
केशवराव नक्की कोण? नट का गवई? एकतीस वर्षांत गेले म्हणतात तर एवढं नाव कसं झालं? ते संयुक्त मानापमान काय प्रकरण होतं आणि खरंच कोण जिंकलं? आणि त्यांच्या गाण्याची कल्पना यावी म्हणून आज काय ऐकू?

---

खासबागचा_वस्ताद

भावा तू झाड झालतास, मी तिथंच त्याच स्टेजवर मावळा झालतो आणि मिशी सुटून खाली पडलेली, पब्लिक हसून लोळत होतं.

तुझे काका बरोबर आहेत. विषय संपला. बाकीचे सविस्तर लिहितीलच.

---

जुनी_विंग

धागा काढल्याबद्दल आभार. या माणसावर लिहायला कुणी विचारतच नाही, बालगंधर्वांवर रोज विचारतात. जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

जन्म ९ ऑगस्ट १८९०, कोल्हापूर. बालगंधर्व १८८८ चे, म्हणजे दोघं जवळजवळ बरोबरीचे, हे आधी लक्षात ठेवा कारण पुढची सगळी तुलना त्यातूनच आलीय. वडील लवकर गेले, घरची परिस्थिती बेताची, आणि पोराच्या गळ्यात काहीतरी आहे हे कळल्यावर अगदी लहानपणी, म्हणजे आज आपण पोराला बालवाडीत घालतो साधारण त्या वयात, ते जनुभाऊ निमकरांच्या 'स्वदेशहितचिंतक' नाटक कंपनीत गेले. शाळा अशी झालीच नाही. कंपनी हीच शाळा. कंपनी म्हणजे काय ते आताच्या पोरांना सांगावं लागतं. महिनोन्महिने एका गावात मुक्काम, एकाच वाड्यात पन्नास माणसांचं बिऱ्हाड, सकाळी तालीम, दुपारी पंगत, रात्री प्रयोग, पहाटे झोप. पोरांना आधी किरकोळ कामं, गळा चांगला निघाला तर स्त्रीपार्ट. बायका स्टेजवर नव्हत्याच, त्यामुळे कोवळ्या आवाजाचा पोरगा म्हणजे कंपनीची तिजोरी. आवाज फुटला की तिजोरी रिकामी, आणि पोराचं काय होतं ते कुणी विचारत नसे.

केशवरावांचं नाव झालं ते देवलांच्या 'शारदा'मुळे. म्हाताऱ्याशी पैशासाठी लग्न लावून दिलं जाणारी पोर, तिचा तो 'मूर्तिमंत भीती उभी मजसमोर राहिली'. आज ते पद आपण कुणा मोठ्या बाईच्या आवाजात ऐकतो. विचार करा, शारदेच्याच वयाचा पोरगा, ज्याला स्वतःला घर सोडून परक्या माणसांत राहायला लागलंय, तो ते म्हणतोय. लोक रडत असणार नाहीतर काय.

आणि आता पुढचं ऐका. १९०८ साली, हुबळीला, या पोरानं स्वतःची कंपनी काढली. 'ललितकलादर्श'. वय वर्षं सतरा! आपण सतराव्या वर्षी बारावीच्या क्लासला सायकलवर जात होतो. नाटक कंपनी काढायची म्हणजे नुसतं गाणं नाही, पडदे, कपडे, दागिने, पेटीवाले, तबलजी, आचारी, रेल्वेनं सामान हलवणं, गावोगावी थेटर ठरवणं, आणि कर्ज. हे सगळं सांभाळून रात्री पुन्हा साडी नेसून सुभद्रा नाहीतर वसंतसेना उभी करायची.

नट का गवई विचारलंत. दोन्ही. रामकृष्णबुवा वझ्यांकडे ते शिकले. वझेबुवा म्हणजे ग्वाल्हेरची तालीम मिळालेला, अनवट रागांचा साठा असलेला कडक माणूस. त्यामुळे केशवरावांच्या पदाला ख्यालाचा पाया होता, नुसती नाटकी चाल नव्हती. पण गवई म्हणून मैफलीत बसून जगावं हा त्यांचा धंदा नव्हता, नाटक हाच धंदा.

बालगंधर्वांपेक्षा वेगळे कुठे पडतात तर इथं : बालगंधर्व आयुष्यभर मुख्यतः बायकांच्या भूमिकांचे नट राहिले. केशवराव दोन्हीकडे गेले. वामनराव जोश्यांच्या (अमरावतीचे वीर वामनराव, तेच) 'राक्षसी महत्त्वाकांक्षा'मधली मृणालिनी गाजवली, आणि पुढे 'मानापमान'मध्ये धैर्यधर म्हणून तलवार लावून उभे राहिले. स्त्रीपार्टी नटाला पुरुष म्हणून लोक स्वीकारत नाहीत, चाल बदलत नाही, हात लचकतोच. यांना स्वीकारलं.

अजून एक गोष्ट ज्याचं श्रेय त्यांना कुणी देत नाही. त्यांनी मामा वरेरकरांना धरलं. 'हाच मुलाचा बाप' हे हुंड्यावरचं नाटक ललितकलादर्शनं केलं, मग 'संन्याशाचा संसार'. पौराणिक शालूंचा बाजार तेजीत असताना, ज्याच्या नुसत्या गाण्यावर थेटर भरतं असा माणूस हुंड्यावरचं नाटक लावतो, हे धाडस होतं. नेपथ्यासाठी पु. श्री. काळे नावाचा अफाट चित्रकार कंपनीत होता. दर्शनी पडदा मखमलीचा करण्याची टूम पण यांचीच असं जुनी मंडळी सांगतात. थोडक्यात काय, माणूस नुसता गळा घेऊन आला नव्हता, डोकं पण घेऊन आला होता.

संयुक्त मानापमानवर आता लिहीत नाही, हात दुखले. उद्या.

---

आत्याची_भाची

रंकाळ्याकाठी, मी तुमची ती आत्या नाही पण तिच्याच पक्षाची. 'गार केलं' वगैरे भाषा कुस्तीत ठीक आहे. बाकी जुनी विंग यांचा प्रतिसाद फार आवडला, मृणालिनीबद्दल माहीतच नव्हतं.

---

जुनी_विंग

हं, तर संयुक्त मानापमान.

तारीख ८ जुलै १९२१, मुंबई, बालीवाला थेटर. निमित्त टिळक स्वराज्य फंड. लोकमान्य आदल्या वर्षी ऑगस्टात गेलेले, त्यांच्या नावानं गांधींनी एक कोटीचा फंड काढलेला आणि देशभर जो तो आपापल्या परीनं पैसे जमवत होता. त्यात या दोन कंपन्यांनी, गंधर्व आणि ललितकलादर्श, ज्या एरवी एकाच गावात मुक्काम पडला तर एकमेकांचं बुकिंग खायच्या, ठरवलं की एकत्र प्रयोग करायचा. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव.

ज्यांना नाटक माहीत नाही त्यांच्यासाठी एका दमात सांगतो, श्रीमंताची पोर भामिनी, तिला फाटका सेनापती धैर्यधर सुचवला जातो, ती पैशाच्या गुर्मीत त्याचा पाणउतारा करते, तो चिडून निघून जातो, मग ती वनमाला नावानं गरीब बनून त्याच्या छावणीत जाते आणि तिथं प्रेमात पडते, मधे लक्ष्मीधर नावाचा भित्रा श्रीमंत गंमत आणायला. खाडिलकरांचं नाटक, गोविंदराव टेंब्यांच्या चाली. १२ मार्च १९११ ला किर्लोस्कर कंपनीनं पहिला प्रयोग केला तेव्हापासून बालगंधर्व भामिनी. त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी गेली होती आणि तरी ते उभे राहिले, ही गोष्ट बहुतेकांना माहीत असते.

म्हणजे बघा, १९२१ मध्ये एका बाजूला दहा वर्षं भामिनी जगलेला माणूस. ती भूमिका त्यांच्या अंगावर शिवलेली. समोर दुसऱ्या कंपनीचा मालक, त्याच नाटकाचा स्वतःच्या कंपनीतला नायक. आणि नाटकाची रचना अशी की पहिल्या अंकात दोघांत खडाजंगीच आहे! मान आणि अपमान. प्रेक्षकांत अर्धे यांचे, अर्धे त्यांचे. नाटकातलं भांडण कुठलं आणि कंपन्यांचं कुठलं हे कळायला नको. खाडिलकरांनी मुद्दाम लिहिलं असतं तरी इतकं जुळलं नसतं.

कोण जिंकलं? मी माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. प्रयोग गाजला तो दोघांमुळे, आणि गाजला म्हणून लगोलग दोघांनी 'सौभद्र' पण संयुक्त केलं. एकाला दुसऱ्यानं खाल्लं असतं तर खाल्लेला माणूस पुन्हा त्याच्या शेजारी उभा राहिला असता का? नट जमातीचा अहंकार मी जवळून बघितलाय, मुळीच राहिला नसता.

आणि पुढे काय झालं तर ४ ऑक्टोबर १९२१ ला केशवराव गेले. विषमज्वर. जुलैच्या त्या प्रयोगाला पुरते तीन महिनेही झाले नव्हते. एकतीस वर्षं वय. त्यामुळे तुलनेचा शेवटचा पुरावा तो एकच पावसाळा, आणि लोकांना त्यावर शंभर वर्षं भांडायला मिळालं. केशवराव आणखी तीस वर्षं जगले असते तर त्यांचेही पडते दिवस आले असते, बोलपट आला असता, कर्ज झालं असतं. बालगंधर्वांचं ते सगळं लोकांनी बघितलं. केशवरावांचं फक्त शिखर बघितलं.

---

खासबागचा_वस्ताद

शेवटचं वाक्य लागलं राव.

तरी पण आमच्याकडं एक सांगतात ते लिहितो. शाहू महाराजांनी केशवरावांचं नाटक खासबाग मैदानात उघड्यावर लावलेलं, गोरगरीब सगळ्यांना बघता यावं म्हणून. माइक नाही काय नाही. आणि आवाज पार शेवटच्या माणसाला. आमचा आज्जा त्याच्या बाचं ऐकून सांगायचा, खरं खोटं त्याला ठावं. पण मैदान बघितलंस न्हवं, उतारावर सगळीकडनं माणूस बसतंय, आखाडा मधी. तिथं गायचं म्हंजी छातीत भाता पायजे.

---

खर्जातला_सा

'भाता' बरोबर शब्द आहे.

मी गाणं शिकवतो (हौशी पोरं, नोकरी सांभाळून) म्हणून 'काय ऐकू' या प्रश्नाचं उत्तर द्यायचा प्रयत्न करतो.

पहिली गोष्ट, माइक नव्हता हे आपण बोलतो पण त्याचा गळ्यावर काय परिणाम होतो ते लक्षात घेत नाही. पंधराशे दोन हजार माणसं, पानसुपारी चाललेली, पोरं रडतायत, आणि पिटातून ऑर्गन, सारंगी, तबला. त्यावरून आवाज न्यायचा तर पट्टी उंचच लागते आणि सूर बारीक, टोकदार लागतो. आजच्या कानाला तो आवाज चिरका वाटतो, तेव्हाच्या थेटरात तो बाण होता. यातून दोन रस्ते निघाले. बालगंधर्वांचा रस्ता म्हणजे सूर कधी मोठा करायचाच नाही, थेटरालाच गप्प करायचं. शब्द असा लडिवाळ टाकायचा की लोकांनी आपसूक श्वास धरावा. लय अशी घट्ट की तालाच्या आत झोके घेत राहायचं, आणि तबल्याच्या साथीला पुढे तिरखवाँसाहेब आले तेव्हा तर बघायलाच नको. केशवरावांचा रस्ता उलटा. तार सप्तकात धडक, दाणेदार तान, जोर, आवेश. थेटर गप्प बसत नाही? ठीक आहे, त्याच्या वरून जातो.

दोन्ही रस्ते बरोबर. भामिनीला पहिला शोभतो, धैर्यधराला दुसरा. म्हणून मला कोण जिंकलं हा प्रश्नच पेटी श्रेष्ठ का तबला छाप वाटतो, राग नसावा.

आता ऐकायचं काय. केशवरावांच्या गळ्याचा अंदाज घ्यायचा तर माझ्या मते दीनानाथ मंगेशकर लावा. कारण साधं आहे, दोघांचे गुरू वझेबुवा. मास्टर दीनानाथ १९०० चे, दहा वर्षांनी लहान, त्यांच्याही बळवंत कंपनीनं मानापमान केलं आणि धैर्यधराची पदं मूळच्या टेंब्यांच्या चालींपेक्षा वेगळ्या ढंगानं गायली. 'शूरा मी वंदिले', 'चंद्रिका ही जणू', 'रवि मी'. तीनतीन मिनिटांच्या तबकड्या आहेत, डोळे मिटून ऐका. सूर कुठून कुठं फेकतात ते बघा, मधला टप्पा खातात आणि एकदम वरच्या षड्जावर दिसतात. तो पीळ वझेबुवांच्या घरचा आहे. मग लगेच बालगंधर्वांचं 'नाही मी बोलत नाथा' लावा. एकच नाटक, एकच प्रसंगमाला, पण जणू दोन वेगळ्या देशांतलं गाणं. आता या दोन गळ्यांना एका स्टेजवर आमनेसामने उभं करा मनातल्या मनात. ८ जुलैच्या रात्रीचा अंदाज यापेक्षा जवळ जाऊन येणार नाही.

एक सूचना, हेडफोनवर नका ऐकू. घरातल्या स्पीकरवर लावा आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसा. गंमत नाही करत. त्या आवाजांना अंतर लागतं.

---

रंकाळ्याकाठी

बाप रे. एवढं अपेक्षित नव्हतं.

खर्जातला सा, तुमचा दुसऱ्या खोलीचा प्रयोग केला. 'शूरा मी वंदिले' हॉलमध्ये लावलं आणि किचनमध्ये जाऊन बसलो. बायको म्हणाली गॅसजवळून सरक. पण खरंच फरक पडतो! हॉलमध्ये जे कानाला टोचत होतं ते किचनमध्ये चमकत होतं. मुलगी आठवीत आहे, ती म्हणाली "बाबा हे रागावून गातायत का?" मी म्हटलं सेनापती आहे तो.

जुनी विंग, तीन महिन्यांचं मला माहीतच नव्हतं. काका 'गार केलं' म्हणतात तेव्हा ते हे कधी सांगत नाहीत.

अजून एक विचारू का, केशवराव गेल्यावर कंपनीचं काय झालं? मालकच गेला म्हटल्यावर?

---

हुबळीकर_देशपांडे

हुबळीचं नाव निघालं म्हणून आलो, नाहीतर आम्ही इकडे पडून असतो :) घरात मराठी, दारात कन्नड, हिशेब दोन्हीत.

आजकाल लोकांना आश्चर्य वाटतं की मराठी कंपनीचा जन्म हुबळीला कसा. अहो तेव्हा हा सगळा मुंबई इलाखाच. बेळगाव, धारवाड, हुबळी, गदग हा कंपन्यांचा हक्काचा पट्टा. कन्नड बोलणारा माणूस मराठी पद म्हणत घरी जायचा. आमच्या शेजारच्या कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजे सवाई गंधर्व, अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य, तेही मराठी रंगभूमीवर उभे राहिलेच की. इथे गाणं ऐकणारा प्रेक्षक तयार होता, त्यामुळे सतरा वर्षांच्या पोराला कंपनी काढायला हुबळी सुचलं यात मला काही नवल वाटत नाही. भांडवल कमी असेल तर जिथं गाण्यावर तिकीट खपतं तिथंच दुकान मांडायचं.

कंपनीचं पुढचं : बापूराव पेंढारकरांनी उचलली. ते स्वतः गाणारे नट. १९२२ लाच वरेरकरांचं 'सत्तेचे गुलाम' केलं, म्हणजे केशवरावांनी घालून दिलेली सामाजिक नाटकाची वाट सोडली नाही. बापूराव १९३७ ला गेले. मग त्यांचे चिरंजीव भालचंद्र, सगळ्यांचे अण्णा पेंढारकर. गंमत म्हणजे अण्णांचा जन्मही १९२१ चाच, केशवराव गेले त्याच वर्षीचा. 'दुरितांचे तिमिर जावो'वाले अण्णा. त्यांनी किती नाटकांचं ध्वनिमुद्रण करून ठेवलं त्याला तोड नाही. २००८ ला ललितकलादर्शची शंभरी झाली. सतरा वर्षांच्या पोराची कंपनी शंभर वर्षांची!

---

आत्याची_भाची

खर्जातला सा यांनी बालगंधर्वांबद्दल "थेटरालाच गप्प करायचं" लिहिलं त्यासाठी त्यांना शंभर तोफांची सलामी. मी आजवर पंचवीस वेळा वाद घातला पण हे वाक्य सुचलं नाही.

तरी एक नोंदवते. जुनी विंग म्हणतात की केशवराव दोन्हीकडे गेले, बालगंधर्व बायकांच्याच भूमिकांत राहिले. यात एक छुपा टोमणा असतो नेहमी, की बघा हा पुरुषही झाला. मला तो आवडत नाही. 'एकच प्याला'ची सिंधू बघा. भरजरी शालू आणि खरे दागिने ही ज्या माणसाची ओळख, तो ठिगळं लावलेल्या लुगड्यात उभा राहिला आणि लोकांनी तरी डोळे पुसले. तेही तितकंच मोठं अंतर आहे. धैर्यधर होण्याइतकंच.

बाकी केशवराव मोठे होते यात वाद नाही. माझी आजी कट्टर गंधर्वभक्त, पण तिच्या तोंडूनही "भोसल्यांची शारदा" असा शब्दप्रयोग मी ऐकलाय, तिनं अर्थात बघितलेली नव्हती, तिच्या आईनं बघितलेली. आणि ते ती आवाज खाली करून म्हणायची, म्हणजे आपल्या पक्षाशी गद्दारी चालल्यासारखं.

---

जुनी_विंग

टोमणा नव्हता हो, पण वाचताना तसा वाटला असेल तर मान्य. सिंधूचा मुद्दा बिनतोड.

---

तिकीटबारी

सगळे गाण्यावर बोलले, मी जरा दुसरं बोलतो.

त्या काळातली मोठ्या कंपन्यांची नावं आणि मालक बघा, नाटककार बघा, पुढच्या रांगेतले प्रेक्षक बघा. बहुतेक सगळा पांढरपेशा ब्राह्मणी वर्ग. त्यात कोल्हापुरातला गरीब मराठा घरातला, शाळेचं तोंड न बघितलेला पोरगा मालक म्हणून उभा राहतो, संस्कृतप्रचुर पदं स्वच्छ म्हणतो, वरेरकरांसारख्याला नाटक लिहायला लावतो. हे गळ्याइतकंच मोठं आहे. आणि मागे शाहू महाराजांसारखा राजा आहे, जो कुस्ती आणि नाटक याला एकाच भिंतीच्या दोन बाजूंना जागा देतो. १९०२ ला विलायतेला गेले, रोममधला जुना आखाडा बघून आले, परत येऊन खासबाग बांधलं, आणि त्याला लागून १९१५ ला पॅलेस थिएटर. आज आपण ज्याला केशवराव भोसले नाट्यगृह म्हणतो ते हेच, नाव १९५७ ला बदललं. 'पॅलेस' जाऊन नटाचं नाव आलं. राजवाड्याचं नाव पुसून नाटकवाल्याचं नाव लावलेली इमारत महाराष्ट्रात दुसरी कुठली असेल तर मला सांगा.

महाराज स्वतः केशवरावांनंतर सात महिन्यांनी, मे १९२२ ला गेले. वयानं सोळा वर्षांनी मोठे, पण आपल्या माणसाला आपल्याआधी जाताना बघावं लागलं.

---

खासबागचा_वस्ताद

आगीच्या दुसऱ्या दिवशी मी गेलतो तिथं. आत सोडत नव्हते. बाहेर नाटकवाली माणसं उभी, लाइटवाले, मेकअपवाले, सेट लावणारी पोरं, ज्यांची पोटं त्या थेटरावर. जयंतीचा हार आणलेला कुणीतरी, तो हातातच. वास अजून येत होता जळकाट. दगडी भिंती तेवढ्या उभ्या. एक म्हातारा नट, नाव नाही लिहीत, तो भिंतीला हात लावून बघत होता गरम हाय का. मी म्हटलं मामा हात भाजंल. तो म्हणला, "न्हाई, गार झाली."

आता परत बांधतायत. होतंय हळूहळू. झालं की तिथं पहिलं नाटक मानापमान लावा म्हणावं, काय ते एकदा होऊनच जाऊ दे.

---

खर्जातला_सा

वस्ताद, लावलं तर धैर्यधराला माइक देऊ नका म्हणावं.

---

रंकाळ्याकाठी

सगळ्यांचे मनापासून आभार. पूर्ण धागा फॅमिली ग्रुपवर टाकला, म्हटलं आता वाद मिटेल. आत्यानं सिंधूवाल्या प्रतिसादाला बदाम दिला. काकांनी सगळं वाचलं, निळ्या खुणा दिसल्या, बराच वेळ टायपिंग टायपिंग दाखवत होतं. शेवटी उत्तर आलं :

"वाचलं. छान माहिती. तरी पण केशवराव."

---

खासबागचा_वस्ताद

काकांना म्हणावं कोल्हापुरात आलात की खासबागेत या. भेळ माझ्याकडनं.